ड्रॅगन एकच, अर्थ दोन: गालिच्यांवरील खुणांचा प्रवास

१/७
इराणमधील सफवी काळातील (१५०१–१७३६) अनेक गालिच्यांवर ड्रॅगन आणि लांब शेपटीचा एक पक्षी झुंजताना दिसतात. चिनी कलेत हीच जोडी गुण्यागोविंदाने नांदते. एकाच जोडीच्या वाट्याला एकीकडे सख्य आणि दुसरीकडे वैर कसे आले?

२/७
चीनमध्ये ड्रॅगन हा पाऊस आणणारा मंगल जीव. पाच नख्यांचा ड्रॅगन सम्राटाचे चिन्ह, तर फेंगहुआंग पक्षी सम्राज्ञीचे. दोघांचे सान्निध्य म्हणजे सुसंवाद. म्हणूनच ही जोडी विवाहप्रसंगीही शुभ मानली जाते.

३/७
निंगशिया भागात बौद्ध मठांतील खांबांसाठी खास गालिचे विणले जात. जमिनीवर पसरले असता त्यांवरील ड्रॅगन तुटक भासतो. खांबाभोवती गुंडाळून कडा जुळवल्या, की तोच अखंड होऊन खांबाला वेटोळे घालतो. चिनी गालिच्यांवर वटवाघूळही दिसते. 'वटवाघूळ' आणि 'सौभाग्य' या दोन्ही शब्दांचा चिनी उच्चार 'फू' असल्यामुळे ते शुभ ठरले.

४/७
१२५८ मध्ये हुलागू खानाने बगदाद उद्ध्वस्त केले. मात्र याच मोंगल विजयांमुळे चीन आणि इराण एकाच घराण्याच्या शाखांच्या सत्तेखाली आले. कारागीर, वस्त्रे आणि नक्षी यांची ये-जा वाढली. हुलागूचा पुत्र अबाका याच्या तख्त-ए-सुलेमान येथील महालात, १२७० च्या दशकातील भिंतींच्या फरशांवर ड्रॅगन आणि फेंगहुआंग अवतरले.

५/७
परंतु इराणकडे स्वतःच्या कथा होत्या. फिरदौसीच्या 'शाहनामा'त ड्रॅगन, म्हणजे 'अझदहा', हा वीरांनी वधावयाचा शत्रू. तर टाकून दिलेल्या झाल या बालकाला वाढवणारा पक्षी म्हणजे सीमुर्ग. इराणी चित्रकारांनी सीमुर्गाला फेंगहुआंगचे रूप दिले, आणि चिनी जोडी इराणी कथेत शिरताच त्यांच्यात युद्ध जुंपले.

६/७
चीनचा शुभ मेघ सफवी गालिच्यांवर वळणदार फितीसारखा झाला. फुलापानांच्या एका नक्षीप्रकाराला फारसीत आजही 'खताई' म्हणतात. 'खता' हे उत्तर चीनचे जुने नाव.

७/७
विणकरांनी परकी आकृती स्वीकारली. तिचा अर्थ मात्र आपल्या परंपरेतून घेतला. मराठीतील 'गालिचा' शब्दाचेही असेच झाले. फारसीत त्याचा अर्थ 'लहान काली', म्हणजे लहान गालिचा. मराठीत आल्यावर त्यातील 'लहान' गळून पडले आणि दरबारभर पसरलेलाही गालिचाच ठरला.