पिसाचे नाव आणि गाव : सॅल्मनच्या कृत्रिम माशीतील विदेशी पिसांचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरे, नाणी, ताम्रपट आणि शिलालेख आपल्या डोळ्यांसमोर येतात. रोजच्या वापरातील किंवा छंदातील एखादी क्षुल्लक वस्तूही साधन ठरू शकते, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक बोटभर लांबीची वस्तू आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील सधन वर्ग नदीतील सॅल्मन मासा पकडण्यासाठी गळावर रेशीम, चंदेरी-सोनेरी तार आणि पक्ष्यांची पिसे बांधून जी कृत्रिम माशी तयार करवीत असे, ती ही वस्तू होय. तिच्यात दक्षिण अमेरिकेतील, चीनमधील आणि भारतातील पक्ष्यांची पिसे एकाच दोऱ्याखाली येत. त्यांतील एक पीस आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याचे असे.

या पिसांची निवड कोणत्या आधारावर होई, ती बाजारात कोठून येत आणि त्यांच्या नावांतून त्यांच्या मूळ गावाविषयी काय कळते किंवा काय लपते, या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे. पीस बाजारात आले की त्याचे नाव उरते व गाव पुसले जाते, आणि गाव पुसले गेले की त्या पिसाचे साधनमूल्यही नष्ट होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कृत्रिम माशी : स्वरूप आणि बांधणी

गळाच्या मासेमारीत पाण्यावरील कीटकांची नक्कल करणारी माशी वापरण्याची रीत जुनी आहे. ट्राउट माशासाठी बांधली जाणारी माशी साधी, करड्या किंवा तपकिरी रंगाची असे. कोंबडी, बदक, तित्तिर यांची पिसे तिला पुरत. सॅल्मनची गोष्ट वेगळी आहे. अटलांटिक सॅल्मन समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत परततो. या परतीच्या प्रवासात तो जवळजवळ काहीच खात नाही. तरीही तो गळावरील माशीवर झडप घालतो. मासा भुकेने येत नसेल, तर माशी कोणत्या कीटकासारखी दिसावी याला काही बंधन उरत नाही. हीच मोकळीक पुढे विलासाला वाट करून देणारी ठरली.

मूळचे आयरिश आणि लंडनच्या सोहो भागात व्यवसाय करणारे विल्यम ब्लॅकर यांनी १८४२ मध्ये आणि विस्तारित रूपात १८५५ मध्ये माशी बांधण्याच्या कलेवरील पुस्तक प्रसिद्ध केले. रंगीबेरंगी माश्यांच्या प्रसारात त्याचा मोठा वाटा होता. जॉर्ज केल्सन यांच्या १८९५ मधील ‘द सॅल्मन फ्लाय’ या ग्रंथाने या कलेला शास्त्राचा आविर्भाव दिला. कोणत्या नदीला, कोणत्या हवामानात कोणती माशी हवी आणि तिच्यात कोणत्या पक्ष्याचे कोणते पीस कोठे बसवावे, याचे काटेकोर नियम त्यात सांगितले आहेत. प्राइस-टॅनॅट यांच्या १९१४ च्या पुस्तकात हीच परंपरा अधिक सुटसुटीतपणे आली.

‘जॉक स्कॉट’ ही या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध माशी. लॉर्ड जॉन स्कॉट यांच्या पदरी असलेल्या त्याच नावाच्या मासेमाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेच्या प्रवासात ती बांधली, असे परंपरेने सांगितले जाते. तिच्या रूढ कृतीत शेपटीसाठी चीनमधील सोनेरी फेझंटच्या तुऱ्याचे पीस आणि ‘इंडियन क्रो’ हे तांबडे पीस लागते. अंगावर टूकनची पिवळी पिसे येतात. पंखांसाठी टर्की, मोर, रंगविलेला हंस, बस्टर्ड, फ्लोरिकन, फेझंट व बदक यांच्या पिसांचे तंतू निवडावे लागतात. निरनिराळ्या पक्ष्यांचे हे तंतू बोटांनी एकमेकांत असे गुंतवतात की त्यांचे एकच पीस भासावे; या क्रियेला कारागीर तंतूंचा ‘विवाह’ म्हणत. दोन्ही बाजूंस रानकोंबड्याचे पीस, त्यावर ‘ब्लू चॅटरर’चे निळे पीस, आणि शेवटी निळ्या-पिवळ्या मकाव पोपटाच्या पिसाचे दोन तंतू शिंगांप्रमाणे लावले की माशी पूर्ण होते.

पिसांची निवड : मासा की बाजार?

एवढ्या दूरदूरच्या पक्ष्यांची पिसे एका गळावर का आली असावीत? ती माशाला आवडतात, असे तत्कालीन लेखक सांगत. पुढील इतिहास या दाव्याला पुष्टी देत नाही. विसाव्या शतकात केसांचे पंख असलेल्या साध्या माश्या आणि रंगविलेली घरगुती पिसे यांनी जुन्या माश्यांची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली आणि सॅल्मन गळाला लागतच राहिला. यावरून मूळ निवडीचे कारण नदीपेक्षा बाजारात शोधणे अधिक योग्य ठरते.

त्या काळी लंडन हे पिसांच्या व्यापाराचे जागतिक केंद्र होते. मिन्सिंग लेनमधील लिलावांत बगळ्यांच्या तुऱ्यांपासून ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ या वर्गातील पक्ष्यांच्या कातड्यांपर्यंत सर्व काही विकले जाई. मुख्य मागणी स्त्रियांच्या टोप्यांसाठी होती. माशी बांधणाऱ्यांची गरज त्या मानाने अल्प होती; पण टोप्यांच्या बाजाराने जे पक्षी लंडनपर्यंत आणले, तेच त्यांच्या हाती सहज पडले. वसाहती, जहाजवाहतूक आणि लिलाव यांनी जे उपलब्ध केले, त्याला पुढे ग्रंथांनी आवश्यक ठरवले. दुर्मीळ पीस वापरणे ही प्रतिष्ठेची खूण झाली. ज्या स्कॉटिश व नॉर्वेजियन नद्यांवर मासेमारीचा हक्क विकत घेणे मूठभरांनाच परवडे, तेथे गळावरील माशीही त्या ऐपतीला साजेशी असणे स्वाभाविक होते.

नावांचा घोटाळा

पिसांची व्यापारी नावे तपासली असता एक विलक्षण गोष्ट समोर येते. ‘इंडियन क्रो’ या नावात भारत आहे. पण तो पक्षी भारतातला नाही आणि कावळाही नाही. तो दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतील, तांबड्या गळपट्टीचा एक फळे खाणारा पक्षी आहे. ‘ब्लू चॅटरर’ म्हणजे त्याच खंडातील कोटिंगा. याउलट ‘जंगल कॉक’ या नावात देशाचा उल्लेखच नाही. पण ते पीस खरोखर भारतातून जाई. असा घोटाळा आपल्याही परिचयाचा आहे. रावसाला बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात. परंतु रावसाचे आणि सॅल्मनचे काहीही नाते नाही.

‘फ्लोरिकन’ हे नाव आणखी विचार करायला लावते. भारतात इंग्रज शिकारी हे नाव तणमोराला देत. पिसांच्या व्यापारात मात्र एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रदेशांतील पक्षी विकले जात. त्यामुळे केवळ कृतीतील नावावरून त्या पिसाचा देश ठरवणे धोक्याचे आहे. व्यापाऱ्याला रंग आणि नक्षी हवी असे, गाव नको असे. इतिहासकाराची गरज नेमकी उलटी असते.

रानकोंबडा : सह्याद्री ते लंडन

राखी रानकोंबडा हा भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी आहे. कोयना, चांदोली, राधानगरीच्या रानांत पहाटे त्याची बांग ऐकू येते. फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर सोनेरा यांनी आपल्या १७८२ मधील प्रवासग्रंथात त्याचे वर्णन केले आणि १८१३ मध्ये टेमिंक यांनी त्यांच्याच नावावरून त्याला ‘गॅलस सोनेराटी’ हे शास्त्रीय नाव दिले. नराच्या मानेवरील पिसांच्या टोकाशी दांडा पसरट व चकचकीत होतो आणि त्यावर मेणाच्या थेंबासारखे पांढरे व पिवळे ठिपके उमटतात. पाण्यात ते ठिपके लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसतात, अशी समजूत असल्याने या पिसाला मोठी मागणी आली.

येथे एक जीवशास्त्रीय बाब महत्त्वाची आहे. विणीचा हंगाम संपला की नराची ही पिसे गळतात आणि काही काळ मानेवर साधी काळसर पिसे येतात. अर्थात व्यापारासाठी उपयुक्त कातडे मिळवायचे तर नर पूर्ण पिसाऱ्यात असतानाच मारावा लागे. शिवाय एकेक पीस वेचून विकण्यापेक्षा मानेचे अखंड कातडे विकण्याची रीत होती. म्हणजे प्रत्येक कातड्यामागे एक मेलेला नर असे. तो कोणी, कोणत्या रानात, किती मोबदल्यावर धरला, याविषयी माशी बांधण्याचे ग्रंथ अवाक्षर काढत नाहीत. फासे लावणाऱ्या माणसाचे नाव त्या कृतींत येत नाही. लॉर्डच्या सेवकाचे मात्र येते.

कायदे आणि त्यांच्या मर्यादा

पिसांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटनमध्ये संघटित आवाज उठला तो १८८९ मध्ये स्थापन झालेल्या पक्षिसंरक्षण संस्थेमुळे. तिच्या स्थापनेत आणि प्रसारात स्त्रियांचा पुढाकार होता. परंतु पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा ब्रिटिश कायदा येण्यास १९२१ साल उजाडले. भारत सरकारने त्याआधीच, १९०२ मध्ये, सागरी जकात कायद्याचा आधार घेऊन रानपक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीला बंदी केली होती; शहामृगाची पिसे आणि शास्त्रीय अभ्यासाचे नमुने एवढेच त्यातून वगळले होते. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात रानकोंबडा आणि तणमोराचा वर्ग या दोहोंची नोंद आहे.

तरीही मागणी थांबली नाही. याचा बोलका पुरावा अमेरिकेच्या जकात कायद्यात सापडतो. १९५२ च्या दुरुस्तीने गळाच्या कृत्रिम माश्या बनवण्यासाठी राखी रानकोंबड्याची वर्षाला जास्तीत जास्त ५,००० कातडी आयात करण्यास मुभा देण्यात आली. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष आयातीचा आकडा नव्हे, हे भान ठेवले पाहिजे. तथापि सह्याद्रीतील एका पक्ष्याचे शास्त्रीय नाव परदेशाच्या जकातीच्या तरतुदीत नोंदवले जाते, यावरून त्या व्यापाराला किती महत्त्व होते ते कळते. १९७२ च्या भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या पक्ष्याची शिकार व व्यापार या दोहोंना प्रतिबंध झाला. ब्रिटनमध्ये आज पिंजऱ्यात पैदास केलेल्या रानकोंबड्यांची पिसे कायदेशीरपणे मिळतात. तणमोराचे दैव इतके चांगले नाही. मुख्यतः गवताळ माळराने नाहीशी होत गेल्याने तो आज अतिसंकटग्रस्त आहे.

ट्रिंगची चोरी आणि हरवलेल्या चिठ्ठ्या

हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. जून २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंग येथील नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या पक्षिसंग्रहातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीस गेली. जुन्या कृतींबरहुकूम माश्या बांधणारा संगीताचा एक तरुण विद्यार्थी चोर निघाला. त्याला २०११ मध्ये झालेली बारा महिन्यांची शिक्षा स्थगित ठेवण्यात आली. चोरीच्या मालात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मलाया द्वीपसमूहात जमवलेले नमुनेही होते. सुमारे एक तृतीयांश नमुनेच त्यांच्या पायाला बांधलेल्या मूळ चिठ्ठ्यांसह धडपणे परत मिळाले.

चिठ्ठीला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. पक्षी कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणी मिळवला हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. ती नसेल तर कातडे सुंदर राहते. पण त्याच्याकडून दुसऱ्या कशाचा पुरावा मिळत नाही. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे आपणांस परिचित असलेले अॅलन ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेला भारतीय पक्ष्यांचा प्रचंड संग्रहही आज ट्रिंगच्या पक्षिसंग्रहाचा भाग आहे. भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या अभ्यासाचा तो एक पाया आहे, आणि त्याचे मोल त्यावरील नोंदींमुळे आहे. चोराने चिठ्ठ्या कापून टाकल्या आणि व्यापाऱ्याने ‘इंडियन क्रो’ असे नाव दिले. दोघांच्या हेतूंत फरक असला, तरी दोहोंचा परिणाम एकच झाला.

निष्कर्ष

१. सॅल्मनच्या माशीतील विदेशी पिसांची निवड माशाच्या स्वभावापेक्षा साम्राज्याच्या बाजारपेठेने आणि प्रतिष्ठेच्या कल्पनांनी ठरवली.

२. पिसांची व्यापारी नावे हा भूगोलाचा पुरावा म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. प्राणिशास्त्राच्या साहाय्याने त्यांची छाननी आवश्यक आहे.

३. निर्यातीवरील बंदी मागणीच्या देशातील बंदीशिवाय अपुरी ठरते, हे १९०२ नंतरच्या इतिहासावरून दिसते.

४. नमुन्यासोबतची नोंद ही नमुन्याइतकीच जपण्याची वस्तू आहे.

शेवटचा मुद्दा आपल्या दाराशी येऊन पोहोचतो. आपल्या अनेक जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत काचेच्या कपाटांत भुसा भरलेले पक्षी उभे आहेत. त्यांच्या पायाशी असलेल्या चिठ्ठ्यांवरची शाई फिकी होत चालली आहे. काही गळूनही पडल्या असतील. इतिहास आणि प्राणिशास्त्र या दोन विभागांनी एकत्र बसून त्या चिठ्ठ्या वाचून, उतरवून ठेवल्या, तर पक्ष्याचे नाव राहीलच. त्याचे गावही राहील.