उंबरखिंड: झाडीत लपलेली फौज

वाशीहून पुण्याला जाताना एक्सप्रेस वेवर घाट कसा पटकन संपतो, नाही? आता जरा १६६१ मध्ये चला.

शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसलाय आणि त्याने कारतलबखानाला कोकणात धाडलंय. खान लोणावळ्याहून कुरवंड्याच्या घाटाने उतरला आणि इथेच फसला. खाली अंबा नदीचं खोरं. दोन्हीकडे डोंगर, गर्द रान आणि वाट इतकी चिंचोळी की एवढ्या मोठ्या फौजेची नुसती रांग झाली. झाडीत महाराजांचे मावळे दबा धरून बसलेले. २ फेब्रुवारीला पुढची-मागची दोन्ही तोंडं बंद! लढणार कसं? घोडा वळवायलाच जागा नव्हती.

मला मात्र या गोष्टीत भारी वाटते ती माहूरची रायबागन. मुघलांकडची सरदार, पण खानाला स्पष्ट सुनावलं: या रानात शिरलात हीच चूक, आता शरण जा. खानाने ऐकलं, खंडणी भरली आणि उरलेली माणसं जिवंत परतली.

खिंड बघायचीय? खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागा आणि चावणी गाव विचारा. नदीकाठी स्मारक आहे. तिथे उभं राहून एकदा वर झाडीकडे बघा. पावसाळ्यात पात्रात उतरू नका हं!