तकरीर, पुरसीस आणि येजितखत

सांगलीच्या विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय 1919 साली सुरू झाले. अशा महाविद्यालयांतून आपल्याकडील पिढ्यांना ‘तर्कशास्त्र’ म्हणून जे ठाऊक झाले, ते मुख्यतः त्रिवाक्यी अनुमान होते: सर्व मनुष्ये मर्त्य आहेत, सॉक्रेटिस मनुष्य आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. अनुमान निर्दोष आहे. मात्र ते कोणाला पटवायचे आहे, याचा त्यात मागमूस नाही. (ॲरिस्टॉटलने प्रत्यक्ष वादाविषयी ‘टॉपिक्स’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, हे त्याला न्याय देण्यासाठी सांगितले पाहिजे.) उलट, ज्या कृष्णाकाठी हे महाविद्यालय उभे राहिले तेथील जुने निवाडे पाहिले, तर प्रतिपक्षावाचून तर्काचे पाऊलच पुढे पडत नाही असे दिसते.

मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतापुढे किंवा पंचांपुढे आला की प्रथम दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत. राजीनामा म्हणजे पद सोडल्याचा कागद हा आजचा अर्थ. तेव्हाचा अर्थ असा की, ही सभा जो निर्णय देईल तो आम्हांस मान्य आहे. जोडीला जामीन असे. त्यानंतर प्रत्येकाची तकरीर, म्हणजे लेखी निवेदन, आणि त्यावरून पुरसीस, म्हणजे विचारपूस. (‘पुरसीस’ हा शब्द आपल्या न्यायालयांत वेगळ्या अर्थाने आजही टिकून आहे.) मग साक्षी, कागदपत्रे आणि अखेर निवाडपत्र किंवा महजर. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. हरणाऱ्याला आणखी एक कागद लिहून द्यावा लागे, तो येजितखत: माझा दावा खोटा ठरला, पुढे या बाबतीत कटकट करणार नाही.

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ हॅम्ब्लिन याने 1970 साली ‘फॅलसीज’ या ग्रंथात सुचविले की, संवादातील तर्क समजून घ्यायचा तर प्रत्येक वक्त्याने जाहीरपणे स्वीकारलेल्या विधानांची एक नोंद कल्पावी. पुढचे प्रत्येक विधान त्या नोंदीशी ताडून पाहावे. तकरीर ही नेमकी अशी नोंद आहे. एकदा लिहून दिलेले फिरवता येत नाही. न्यायसूत्रांतील बावीस निग्रहस्थानांपैकी पहिलेच ‘प्रतिज्ञाहानी’ हे आहे. त्याच यादीत ‘विक्षेप’ही आहे: काम आहे असे निमित्त सांगून वादातून निघून जाणे, हाही पराभवच!

गावच्या पंचांनी गौतमाची सूत्रे वाचली होती असे मला म्हणायचे नाही. मधला दुवा धर्मशास्त्राचा. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने लिहिलेली ‘मिताक्षरा’ महाराष्ट्रात प्रमाण होती. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे 1759 मध्ये पेशव्यांचे न्यायाधीश झाले, तेव्हा याच विद्येची शिदोरी त्यांच्यापाशी होती. मिताक्षरेत प्रतिवादीचे उत्तर चार प्रकारचे सांगितले आहे: मिथ्या, संप्रतिपत्ती, कारण आणि प्राङ्न्याय. ‘मी कर्ज घेतलेच नाही’ हे मिथ्योत्तर. मग पुरावा देण्याचे ओझे वादीवर. ‘घेतले, पण फेडले’ हे कारणोत्तर. तेथे ओझे प्रतिवादीवर सरकते. ‘हा तंटा पूर्वीच निवडला गेला आहे’ असे म्हणणाऱ्यानेच तो निवाडा सिद्ध करायचा. कबूल केले तर पुराव्याचे कारणच उरत नाही. कोणी काय म्हटले यावरून पुढची खेळी कोणाची ते ठरते. संवादाचे याहून नेटके प्रतिमान मागावे तरी कुठे?

फान मिन्ह डुंग या संगणकशास्त्रज्ञाने 1995 साली मांडलेल्या प्रतिमानात युक्तिवाद हे केवळ बिंदू आणि एकाने दुसऱ्यावर केलेला आघात हा बाण. ज्या पक्षावरील प्रत्येक आघाताला प्रत्याघात मिळतो, तो पक्ष टिकतो. पण परस्परांवर आघात करणारे दोन तुल्यबळ पक्ष उरले, तर सावधपणे वागणारा गणिती त्यांना ‘अनिर्णीत’ ठेवून मोकळा होतो. पाटीलकीच्या तंट्यात ही मुभा नव्हती. उद्या सणाला मान कोणी घ्यायचा हे ठरलेच पाहिजे. लेख, भुक्ती आणि साक्षी हे तिन्ही मानुष पुरावे नसतील तरच दिव्य, असे शास्त्राचे बंधन होते. आणि मग उकळत्या तेलातून रवा काढणाऱ्याचा हात पिशवीत बांधून मोहोर करीत, काही दिवसांनी तो उघडून पाहत. तर्क जिथे संपला तिथे भाजलेली कातडी बोलू लागली, हे या व्यवस्थेचे काळे अंग आहे. तिचे गोडवे गाणाऱ्यांनी ते झाकू नये.

येजितखताविषयीही माझ्या मनात अढी आहे. हरलेल्याला खरोखरच पटले की गोताच्या आणि सरकारच्या दडपणाखाली त्याने लिहून दिले, हे कागदावरून कळत नाही. तरीही, पेशवाई बुडाल्यावर 1819 च्या अहवालात एल्फिन्स्टनने पंचायतींच्या दिरंगाईवर बोट ठेवूनही त्या राखण्याचा कौल दिला. पुढे 1827 चे त्याचेच कायदे आले, न्यायालये स्थिरावली आणि पंचायती मागे पडल्या. नव्या न्यायालयात हुकूमनामा न्यायाधीशाच्या सहीने निघू लागला. हरणाऱ्याकडून काही लिहून घेण्याची गरज उरली नाही. तो अपिलात जाऊ लागला.