थँक्सगिव्हिंग : एका सणाची आणि त्याच्या शब्दांची ओळख

शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त उत्तर अमेरिकेत जाणारे आपले तरुण इंग्रजीचे व्याकरण पक्के करून जातात. परंतु तेथील सणांची भाषा व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. 'थँक्सगिव्हिंग' हाच शब्द घ्या. त्याचा अर्थ उपकारस्मरण. मात्र तो उच्चारताच अमेरिकन माणसाला नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आठवतो, तर कॅनडातील माणसाला ऑक्टोबरचा दुसरा सोमवार.

हा ख्रिस्तसभेचा बंधनकारक सण नव्हे, राष्ट्रीय सुट्टी होय. अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, तो देशभर पाळण्याची घोषणा केली. चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ मध्ये. कॅनडाने आपला सोमवार १९५७ मध्ये निश्चित केला. अमेरिकेत त्या दिवशी सकाळी अनेक कॅथलिक धर्मग्रामांत मिस्सा होते आणि मग कुटुंब जेवणाच्या टेबलाभोवती जमते. भाजलेली टर्की, तिच्यासोबत पावाचे 'स्टफिंग', क्रॅनबेरी या आंबट लाल फळांचा सॉस आणि शेवटी भोपळ्याचा 'पाय'. (हा आपला पाय नव्हे, गोड सारण भरून भाजलेला पदार्थ होय.)

जेवणापूर्वी अनेक घरांत प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचे असते. नवख्या पाहुण्याची तारांबळ उडते ती येथेच. 'आय ॲम थँकफुल फॉर' एवढी सुरुवात तोंडी असली की पुढे आईवडील, आरोग्य, यजमानांचे अगत्य, काहीही चालते. भाषणाची अपेक्षा नसते.

सणाची कथा मुलांना शाळेत सांगतात ती अशी : १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या इंग्रजांनी प्लिमथ येथे वस्ती केली. पहिल्या हिवाळ्यात त्यांतील जवळपास निम्मे दगावले. १६२१ साली पीक हाती आले, तेव्हा त्यांनी तेथील वाम्पानोआग लोकांसमवेत तीन दिवस मेजवानी केली. कथा खोटी नाही, अपुरी आहे. त्या वसाहतीचा दुभाषा तिस्क्वांटम हा याच भूमीचा पुत्र. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पकडून, गुलाम म्हणून विकण्यासाठी स्पेनमधील मलागा येथे नेले. तेथील मठवासी बंधूंनी काही बंदिवानांना विक्रीतून सोडवले. तिस्क्वांटम पुढे इंग्लंडला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ साली परतला, तेव्हा त्याचे पाटक्सेट गाव साथीने ओस पडले होते. प्लिमथ वसले ते त्याच जागेवर. मक्याला मासळीचे खत घालण्यास इंग्रजांना त्यानेच शिकवले. इंग्रजीसाठी एवढी किंमत मोजलेला विद्यार्थी आमच्या तरी ऐकिवात नाही.

वाम्पानोआगांची भूमी पुढे वसाहतींच्या हाती गेली. म्हणूनच १९७० पासून त्याच गुरुवारी मूळ रहिवासी प्लिमथ येथे राष्ट्रीय शोकदिन पाळतात. त्यांच्यापैकी काही कुटुंबे सण करतात, काही करीत नाहीत. तेव्हा असा सहकारी वा सहाध्यायी भेटल्यास शुभेच्छा देण्याआधी 'तुम्ही हा दिवस कसा घालवता?' असे विचारणे बरे.

आणखी एक शब्द. दुसऱ्या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. गुड फ्रायडेशी त्याचा काहीही संबंध नाही. त्या दिवशी उपवास नसतो, दुकानांत सवलतींची झुंबड असते.