शाळेतच कॉलेजचे क्रेडिट मिळते का?

शिरढोणहून पनवेलला शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी ही माहिती देत आहोत. अमेरिकेत हायस्कूलची मुले कॉलेजचे विषय आधीच पूर्ण करून डिग्रीचा खर्च वाचवतात. आपल्याकडे तसे सरळ नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात नववी ते बारावीलाही क्रेडिट आहेत, वर्षाला ४०, एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास. पण बारावीची पातळी ४ आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५, त्यामुळे शाळेचे क्रेडिट पदवीतून वजा होतील असे धरून चालू नका. कोणी फी घेऊन तसे सांगत असेल तर आधी कॉलेजकडून लेखी घ्या.

वर्ष वाचते ते दुसऱ्या वाटेने. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस डेटा सायन्सची पात्रता परीक्षा अकरावी झालेली मुले देऊ शकतात, प्रवेश मात्र बारावीनंतरच. मुलींना लांब पाठवायला कचरणाऱ्या घरांनी हे जरूर पाहावे. (एसटीचा प्रवासही काही वाईट नाही, हे आमचे मत.)

अपार आयडी काढताना आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव अक्षरशः एकच आहे ना, तपासा. मोहम्मद, मोहमद, मो. अशा फरकावरच गाडी अडते.