फॉल्सम स्ट्रीटची लेदर संस्कृती

बंधन, शिस्त, वर्चस्व, शरणागती आणि वेदनेतले सुख यांभोवती फिरणाऱ्या, परस्परसंमतीच्या लैंगिक व्यवहारांना बीडीएसएम म्हणतात. अमेरिकेत त्यांना सामाजिक रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, समलिंगी पुरुषांच्या मोटारसायकल क्लबांतून; लॉस एंजेलिसचा सॅटर्स क्लब १९५४चा. चामड्याची जाकिटे आणि बूट ही या मंडळींची खूण बनली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘टूल बॉक्स’ बारमधले चक आर्नेटचे भित्तिचित्र १९६४ साली ‘लाइफ’ मासिकात झळकले आणि दूरदूरच्या एकाकी वाचकांना आपल्यासारखी माणसे कुठे आहेत ते कळले. पुढे त्याच शहरातल्या फॉल्सम स्ट्रीटभोवती असे अनेक बार उभे राहिले.

१९७४ साली याच शहरात सोसायटी ऑफ जॅनस ही बीडीएसएम संस्था स्थापन झाली. दोर बांधताना रक्तप्रवाह अडू न देणे, थांबण्याचा संकेतशब्द आधीच ठरवणे अशा गोष्टी अशा संस्थांमधून शिकवल्या जाऊ लागल्या. संमती गृहीत न धरता बोलून ठरवायची, ही शिस्त या संस्कृतीची सर्वांत मोलाची कमाई आहे. १९७८मध्ये लेस्बियन स्त्रीवाद्यांची ‘साम्वा’ ही अशीच संस्था निघाली. तिच्यावर कडाडून टीका केली ती इतर स्त्रीवाद्यांनीच.

१९८०च्या दशकात एड्सने या वस्तीतले असंख्य लोक नेले, बार बंद पडले. पुनर्विकासाच्या रेट्यापुढे परिसर टिकावा म्हणून १९८४ साली रहिवाशांनी फॉल्सम स्ट्रीटवर जत्रा सुरू केली. तीच पुढे लेदर समुदायाचा मोठा वार्षिक मेळावा झाली.