यामेईबाई आणि टोफू

आनंदीबाई जोशींना ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टरीची पदवी मिळाली, हे आपल्याला शाळेपासून पाठ. पण त्याच्या एकच वर्ष आधी, शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये आणखी एक आशियाई मुलगी डॉक्टर झाली होती. यामेई किन. अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेणारी पहिली चिनी स्त्री. 'पहिली' म्हटलं की आपण फोटोला हार घालून मोकळे होतो, पण हिची खरी कहाणी पदवीनंतरच सुरू होते.

जन्म १८६४, निंगबो. आई-वडील कॉलऱ्याच्या साथीत गेले, तेव्हा ही जेमतेम दोन-तीन वर्षांची. मॅकार्टी नावाच्या मिशनरी जोडप्याने तिला वाढवलं, काही वर्षं जपानमध्ये. १८८७ साली न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय नियतकालिकात तिचा लेख आला. विषय? सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींचे फोटो कसे काढावेत! आमच्या भाषेत सांगायचं तर चक्क टेक्निकल पेपर.

त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई गेल्या. यामेईबाईंना आयुष्य मिळालं, पण ते काही सरळ गेलं नाही. चीनमध्ये श्यामेनला काम सुरू केलं तर मलेरिया. मग जपान, १८९४ साली लग्न, एक मुलगा, अमेरिकेत व्याख्यानं, १९०४ मध्ये घटस्फोट. १९०७ साली त्या तिआनजिनला स्त्रियांचं इस्पितळ चालवायला गेल्या आणि पुढच्याच वर्षी तिथे नर्सिंगची शाळा काढली. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. एक डॉक्टर किती बायकांना पुरणार हो?

आणि १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेच्या कृषी खात्याने याच बाईंना चीनला पाठवलं. कशाला, तर सोयाबीनचा अभ्यास करायला! मांसाला स्वस्त पर्याय हवा होता. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, दूध काढून उकळायचं, ते फाडायचं आणि दाबायचं की झाला टोफू. म्हणजे पनीरच, फक्त म्हशीशिवाय. अमेरिकनांना तेव्हा ते काही फारसं रुचलं नाही. आज तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं.

आता यातली बोचणारी गोष्ट सांगतो. १८८२ च्या कायद्याने चिनी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व घेताच येत नव्हतं, आणि तो कायदा रद्द झाला थेट १९४३ साली. म्हणजे ज्या सरकारसाठी बाई टोफू करून दाखवत होत्या, त्याच्या लेखी त्या कायम परक्याच! त्यांचा एकुलता एक मुलगा मात्र त्याच देशाच्या सैन्यात भरती झाला आणि १९१८ साली फ्रान्समध्ये मारला गेला.

त्यानंतर दोनेक वर्षांत बाई चीनला परतल्या. १९३४ साली बीजिंगमध्ये न्यूमोनियाने गेल्या.